साताऱ्याहून एकट्याने बाईकवर कोकण किनारा, चार दिवसांत गोव्यापर्यंत होईल का?

गोडोली_१२५

राम राम मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. मी साताऱ्याचा, एमआयडीसीत सीएनसीवर आहे, गाडी शाईन १२५, २०१७ची, ६१ हजार किमी झालेत. दिवाळीत आमचा चौघांचा कोकण ठरला होता, एकाची बायको माहेरी गेली, एकाला साहेबाने सोडलं नाही, तिसरा तर ग्रुपवर निळी टिक आली तरी बोलेना, शेवटी म्हटलं खड्ड्यात गेले सगळे, मी एकटाच जातो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस सुट्टी मिळतेय.

प्लॅन असा आहे. पहिल्या दिवशी सातारा–कोयना–चिपळूण–गुहागर–गणपतीपुळे. दुसऱ्या दिवशी रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करून मालवण. तिसऱ्या दिवशी वेंगुर्ला, रेडी, गोवा. चौथ्या दिवशी आंबोलीवरून घरी. मॅपवर दिवसाला दोनशे-सव्वादोनशे किमी पडतंय, शेवटच्या दिवशी थोडं जास्त. मी पुण्याला जाऊन-येऊन त्याच दिवशी सेकंड शिफ्ट केलेली आहे त्यामुळे अंतराचं टेन्शन नाही.

टेन्शन दुसरंच आहे. १२५ ला घाट झेपेल का, एकट्या माणसाला रूम देतात का, आणि ते फेरीबोटीचं काय असतं, गाडी त्यावर कशी चढवायची? आणि आई तयार नाही. तिने समुद्र बघितलेलाच नाही. तिचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं, ती तेव्हा तीन-चार वर्षांची, त्यामुळे जास्त पाणी दिसलं की तिच्या पोटात गोळा येतो. तिला काय सांगून निघू?

चेनला_तेल_घाला

कराडकर आहे, गॅरेज आहे माझं. १२५ ला काही होत नाही हो, कुंभार्लीत मी स्प्लेंडरवर तिघं आणि वर नारळाचं पोतं बघितलंय (तसं करू नका). गाडी चढायला त्रास देत नाही, त्रास असतो उतरताना. आपली घाटावरची पोरं पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारून घाट उतरतात, मग सगळा लोड ब्रेकवर, मागे ड्रम आहे, शू तापले की तुम्ही पाय दाबताय आणि गाडी पळतीच आहे असं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच ठेवा, इंजिन ओढून धरेल, ब्रेक थोडाथोडा मारून सोडायचा, धरून नाही ठेवायचा.

निघायच्या आधी लायनर बघून घ्या, चेन टाइट करा आणि पाचशे किमीला ९० नंबर ऑइल मारा. खारी हवा चेनला दोन दिवसांत तांबडी करते. क्लचवायर नवीन घेऊन जुनीच्या शेजारूनच ओढून ठेवा, दोन्ही टोकं टेपने बांधून, तुटली तर रस्त्यात पाच मिनिटांत जोडता येते, टाकी खोलायला नको. आणि घरी आल्यावर गाडी गोड्या पाण्याने नीट धुवा, खालून पण, नुसती सीट पुसून फोटो काढू नका.

हो आणि बीचवर गाडी घालू नका. म्हणजे घालूच नका. रीलमध्ये भारी दिसतं, मग गाडी माझ्याकडे येते.

मिरज_ते_मालवण

दादा तुमचा प्लॅन वाचून मला माझीच पहिली ट्रिप आठवली, मी पण असंच मॅपवर बोट ठेवून दोनशे-दोनशेचे तुकडे पाडले होते. मिरजेहून आंबा घाटाने रत्नागिरी आणि तिथून खाली देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, परत फोंडा घाटाने राधानगरीवरून कोल्हापूर. रत्नागिरीपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं कारण तो हायवे आहे. त्यानंतर माझा हिशोब जो बसला तो बसलाच.

मॅप तुम्हाला किनाऱ्याचा रस्ता सरळ दाखवतो पण तो सरळ नसतो. दर पंधरा-वीस किमीला एक नदी समुद्राला मिळते आणि तिची खाडी आत घुसलेली असते. दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, रत्नागिरीला लागून भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, पुढे जैतापूरची खाडी. प्रत्येक वेळी रस्ता डोंगरावरून खाली खाडीपर्यंत उतरतो, पूल किंवा फेरीबोट, मग परत वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो, परत खाली. मध्येच गाव, नारळाच्या बागांमधून एवढासा रस्ता, समोरून एसटी आली की तुम्ही कुणाच्या तरी कुंपणात. त्यात थांबायला जागा इतक्या की अॅव्हरेज पंचवीस-तीसच्या वर जात नाही. पुण्याचा हायवे आणि हा रस्ता दोन्ही किलोमीटरमध्येच मोजतात एवढंच साम्य आहे. तुमच्या प्लॅनने तुम्ही चार दिवस फक्त रस्ता आणि समोरच्या गाडीची नंबरप्लेट बघाल, मालवणला अंधारात पोचाल, गोव्यात झोपायला जाल आणि उठून परत. गोवा काढून टाका. मालवण पण काढा. गुहागर ते पूर्णगड एवढाच पट्टा तीन दिवस करा आणि आंबा घाटाने वर या.

फेरीबोट: हेदवीवरून पुढे तवसाळला जेट्टी आहे, तिथून पलीकडे जयगड. माणसाचं वेगळं, गाडीचं वेगळं तिकीट. आधी चारचाकी लावतात मग फटीफटीतून दुचाकी. गाडी गिअरमध्ये टाकून साइड स्टँडवर आणि तुम्ही शेजारी उभं राहून धरायची, रॅम्प ओला असतो तेव्हा चढताना-उतरताना पुढचा ब्रेक गच्च दाबू नका. वेळ जेट्टीवर किंवा आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. रेवस ते रेडी सागरी महामार्गावर या फेरीबोटीच्या खाड्यांवर पूल व्हायचेत, ते झाले की ही मजा संपेल, तेव्हा जाऊन घ्या.

रूमचं खरं सांगू? एकट्या माणसाला बघून काही लॉजवाले नाही म्हणतात. मला बाई म्हणून, तुम्हाला एकटा पुरुष म्हणून. त्यांच्या डोक्यात काय येतं ते मी इथे लिहीत नाही पण तुमच्या आईच्या डोक्यात येतंय तेच. त्यापेक्षा 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' अशी पाटी असते ती घरं बघा, दुपारीच फोन करा, कुठून आलो, उद्या कुठं जाणार हे स्वतःहून सांगा, आधारकार्ड समोर ठेवा. एकदा ओसरीवर बसून चहा झाला की मग काही प्रश्न नसतो, उलट सकाळी घावनं खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत.

आईसाठी मी काय केलेलं ते सांगते. माझी आई पण तासाला फोन करायची, चालत्या गाडीवर खिशात फोन वाजला की माझंच लक्ष जायचं. मग आमचं ठरलं, मी प्रत्येक खाडी ओलांडली की एक मेसेज करणार, मधे फोन नाही. तिला कागदावर खाड्यांची नावं क्रमाने लिहून दिली. ती एकेक खोडत बसायची.

शंभू_महादेव_रायडर

सगळे फुकट चढवताय त्याला. एकट्याने जाऊच नये. पंक्चर झालं, पडला, रेंज नाही, कोण बघणार? आमच्या ग्रुपमध्ये नियमच आहे, कमीत कमी तीन गाड्या.

मिरज_ते_मालवण

दादा त्याचे तीन जण आले असते तर त्याने इथे विचारलं असतं का? आणि कोकणात एकटा पडलात तरी शंभर पावलांवर कुणाचं तरी घर असतं, हायवेवर ते पण नसतं. रात्री चालवू नये हे मात्र मान्य. वळणावर गुरं बसलेली असतात आणि जांभ्याच्या लाल मातीच्या रंगाची गाय लाल रस्त्याच्या कडेला अजिबात दिसत नाही.

लाल_डब्यातला_काका

मी मूळ गुहागर तालुक्यातला, आयुष्य गेलं एसटीचं स्टेअरिंग धरून, आता साताऱ्यात मुलाकडे असतो. गोडोलीकर, वर ताईंनी सांगितलंय ते सोळा आणे खरं आहे, मी फक्त भर घालतो.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे आणि तो दुचाकीला पण आहे. तुम्ही उतरत असाल आणि खालून लोड घेतलेला ट्रक येत असेल तर डावीकडे थांबा, तो थांबला तर परत उचलणार नाही. कुंभार्लीत सकाळी लवकर धुकं असतं, हेडलाइट लो बीमवर ठेवा, हाय केला की समोर नुसती पांढरी भिंत. माकडांना खायला घालू नका, पिशवी हँडलला अडकवून तर बिलकुल थांबू नका.

भरती-ओहोटीचं कुणी सांगितलं नाही. मोबाईलमध्ये बघता येतं म्हणे, पण आमच्याकडे पोराटोरांना हिशोब पाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची. दशमी असली तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या आसपास पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रोज पाऊण तास पुढे जाते म्हणून हा हिशोब. पौर्णिमा झाली की परत एकपासून मोजायचं. कॅलेंडर तर घरोघरी असतंच. याचा उपयोग काय, तर हेदवीच्या समुद्रावर बामणघळ म्हणून कातळातली चीर आहे, भरतीला लाट तिच्यात घुसून पंचवीस-तीस फूट उडते आणि ओहोटीला गेलात तर नुसता खडक बघून परत याल. मात्र कडेला जाऊ नका, ओला कातळ आहे.

आणि कृष्णेत पोहायला शिकलेल्या माणसाने समुद्रात शहाणपणा करू नये. गणपतीपुळ्याला तर गुडघ्याच्या वर नाहीच. नदी एका दिशेने ओढते, तिथे अंदाज येतो. समुद्र पायाखालची वाळूच काढून घेतो. पाट्या लावल्यात, जीवरक्षक शिट्ट्या मारतात, तरी आपली घाटावरची माणसं बुडतातच, मी लहानपणापासून बघतोय.

राहता राहिल्या तुमच्या आई. त्यांना एक सांगा. कोयना महाबळेश्वरात उगवते आणि तिच्या मनाने कराडला प्रीतिसंगमात जायची. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यातून डोंगराखालच्या पॉवरहाऊसला पडतं, वीज झाली की पोफळीकडे वाशिष्ठीत सोडतात, आणि वाशिष्ठी चिपळूणवरून जाऊन दाभोळला समुद्राला मिळते. त्यांच्या माहेरावरचं पाणी कुठं जातं ते गुहागरहून तासाभरात धोपावे जेट्टीवर उभं राहिलं की समोर दिसतं.

गोडोली_१२५

काका हे मला माहितीच नव्हतं, आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती हं म्हणाली, पण रात्री जेवताना तो कागद कुठाय म्हणून विचारलं. गोवा कॅन्सल, मालवण कॅन्सल. ताईंनी सांगितलं तसं गुहागर ते पूर्णगड. बुधवारी पहाटे निघतोय. गुरुवार मार्गशीर्षातला आहे, आईने त्या दिवशी मासे खायचे नाहीत म्हणून शपथ घातलीय.

चेनला_तेल_घाला

समुद्राच्या काठावर जाऊन वरणभात. काय नशीब लेका.

गोडोली_१२५

आलो मंडळी, कालच पोचलो, गाडी धुतली (खालून पण). लिहिणार होतो थोडंच पण लांबलंय.

पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा साताऱ्यात हाताची बोटं हँडलला चिकटल्यासारखी झाली होती, उंब्रजवरून आत वळून मल्हारपेठ, पाटणला चहा, कोयनानगरला ऊन आलं. कुंभार्ली दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला पण ब्रेकला हात लावला तर थंड. खाली उतरलो तसं एकेक कपडा काढत गेलो, चिपळूणला स्वेटर, शृंगारतळीला आतला टी-शर्ट पण नकोसा. गुहागरला दोन वाजता पोचलो, रूम फोनवर ठरवली होती, जेवलो आणि झोपायच्या ऐवजी सरळ धोपाव्याला गेलो.

आता तिथे खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही नाही, जेट्टी आहे, चार गाड्या लाईनमध्ये, एक बाई शेंगदाणे विकत होती. पलीकडे दाभोळ दिसतं. पाणी एकदम संथ, गढूळसर. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली एवढं रुंद झालंय व्हय. मग म्हणाली फोन पाण्यात पाडशील, ठेव.

दुसऱ्या दिवशी द्वादशी होती, बाराची पाऊणपट नऊ, काका तुमचा हिशोब बरोबर निघाला. पालशेत, वेळणेश्वर करत साडेआठला हेदवीत. बामणघळीत लाट आत जाते, मग एक सेकंद काहीच नाही, आणि मग आतून तोफेसारखा आवाज आणि पाणी वर. तासभर बसलो. पुण्याची दोन पोरं सेल्फी काढायला कडेला गेली होती, एका मावशींनी अशी काही ओरडून परत बोलावली की मीच दोन पावलं मागे सरकलो. तवसाळला पोचलो तर फेरीबोट नुकती सुटलेली, माझ्या डोळ्यांदेखत. पहिल्यांदा चिडलो, गाडीवरच बसून मोबाईल बघत होतो, रेंज गेली, मग नाइलाजाने पाणी बघत बसलो. पुढची यायला बराच वेळ लागला. ट्रिपमधली सगळ्यात चांगली वेळ कुठली म्हणाल तर ती, का ते सांगता येत नाही. ताई म्हणाल्या होत्या तसं रॅम्पवर पुढचा ब्रेक दाबला नाही, माझ्या पुढच्या स्कूटरवाल्याने दाबला आणि तो आडवा, चौघांनी उचलला, लागलं काही नाही.

गणपतीपुळ्याला रूमचा अनुभव आलाच. एके ठिकाणी पाटीवर रूम उपलब्ध, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले फॅमिलीलाच देतो. दुसरीकडे पण तेच. संध्याकाळ व्हायला आली होती, पोटात कालवाकालव झाली जराशी. मग मागच्या आळीत एका आजींकडे मिळाली, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आईला कळवलंस का पोचलास म्हणून? वरणभातच होता पण वर उकडीचा मोदक, तेव्हा चेनवाले भाऊ, नशीब एवढं पण वाईट नव्हतं.

आरे-वारेबद्दल लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. फक्त एवढंच की निवळीवरून हायवेने जाऊ नका, वेळ वाचला तरी जाऊ नका. रत्नागिरीत थिबा पॅलेस बघितला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलेलं, १९१० ला वाडा बांधून दिला आणि १९१६ ला तो इथेच गेला. त्याच्या गच्चीतून खाडी दिसते, त्याला काय वाटत असेल रोज ते पाणी बघून. पूर्णगड एवढुसा किल्ला आहे, समुद्राकडच्या दारातून बाहेर पाय टाकला की एकदम समोर सगळं उघडतं.

आणि हो, पडलो. भाट्याच्या पुढे सुरूच्या झाडीत सावलीला म्हणून गाडी लावली, साइड स्टँड वाळूत गेला आणि गाडी माझ्या पायावर. बीचवर नाही घातली हो, झाडीत होती, पण वाळू ती वाळूच. एका मासेवाल्या काकूंनी टोपली खाली ठेवून गाडी उचलायला मदत केली आणि स्टँडखाली नारळाची करवंटी ठेवून दिली. ती करवंटी घरी आणलीय. क्लचचा लिव्हर वाकला तेवढाच, रत्नागिरीत सरळ करून घेतला.

परत येताना साखरपा, आंबा घाट, मलकापूर, तिथून कोल्हापूरला न जाता कोकरूड–शेडगेवाडी–उंडाळे करून कराडला निघालो, ऊस तोडीच्या बैलगाड्यांच्या मागे अर्धा तास गेला पण रस्ता ओळखीचा वाटला. एकूण सहाशेच्या थोडं वर किमी झाले चार दिवसांत. आधीच्या प्लॅनमध्ये नऊशे होते.

घरी आलो तर फ्रीजवर तो कागद लावलेला. दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, चारही खोडलेले. जैतापूर राहिलंय, आईने त्याच्याभोवती गोल केलाय. मी म्हटलं तिथे गेलोच नाही मी. तर म्हणते, त्या बोटीवर मागं बसलेल्या माणसाचं तिकीट वेगळं काढतात का गाडीच्यातच असतं?

तर चेनवाले भाऊ, फेब्रुवारीत सुट्टी बघतोय. मागे आई असणार, वजन ५५ धरा, आणि एक बॅग. मागच्या टायरमध्ये हवा किती ठेवू?

चेनला_तेल_घाला

चेनकव्हरवर स्टिकर आहे, त्यावर डबलसीटचा आकडा वेगळा लिहिलाय तेवढी भरा, अंदाजाने नको. आणि मागचे शू नवीन टाकून घ्या. मागच्या वेळी चालतील म्हटलो असतो, आता नाही, आई बसणार आहेत.